हिरो कोण, हे सांगितलंच नव्हतं

हॉलिवूडच्या एका पटकथेत पात्रांच्या यादीसोबत एक छोटीशी टीप होती. तिचा आशय असा: या अंतराळयानावरचं कुठलंही पात्र बाईला द्या नाहीतर पुरुषाला, काही बिघडत नाही. डॅन ओ'बॅनन आणि रोनाल्ड शुसेट या जोडीची ती पटकथा. त्यात शेवटी वाचणाऱ्याचं नाव होतं रोबी. पुढे वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर यांनी संहितेवर हात फिरवला, रोबीची रिप्ली झाली आणि रिप्ली बाई असावी असं ठरलं. स्टुडिओचे प्रमुख अ‍ॅलन लॅड ज्युनियर यांचाही तसाच आग्रह होता. २५ मे १९७९ रोजी 'एलियन' अमेरिकेत झळकला आणि मोठ्या बजेटच्या विज्ञानपटांच्या एका लांबलचक मालिकेची नायक एक बाई झाली.

यावर कुणी आरडाओरडा केला नाही. आज एखाद्या गाजलेल्या मालिकेत मुख्य भूमिका बाईला दिल्याची नुसती बातमी आली, की चित्रीकरण सुरू होण्याआधी दोन तट पडतात. तेव्हा तसं काही झालं नाही. १९७९ मधला अमेरिकन प्रेक्षक आजच्यापेक्षा पुढारलेला होता म्हणून हे झालं, असं म्हणवत नाही. खरी गंमत अशी, की लोक तिकीट काढून अंधारात जाऊन बसले तेव्हा ही बाई चित्रपटाची हिरो आहे हे त्यांना माहीतच नव्हतं!

हे लपवलं कसं, ते पाहण्यासारखं आहे. पोस्टरवर माणूस नाही, फक्त एक तडकणारं अंडं. श्रेयनामावलीत पहिलं नाव टॉम स्केरिटचं. तो यानाचा कप्तान डॅलस: दाढीवाला, शांत, सगळे ज्याचं ऐकतात असा. रिप्ली झालेली सिगर्नी वीव्हर रंगभूमीवरची नटी. 'अ‍ॅनी हॉल'मध्ये क्षणभर दिसली होती, पण पडद्यावर तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. लांबलचक झोपेतून यानावरचे लोक उठतात तेव्हा कॅमेरा सगळ्यात आधी केनवर, म्हणजे जॉन हर्टवर जातो. हर्ट नावाजलेला नट, त्यामुळे प्रेक्षक मनातल्या मनात एक खूण करून ठेवतो. रिप्ली हुद्द्याने तिसरी. पार्कर आणि ब्रेट हे दोघे कामगार बोनसच्या वाट्यावरून कुरकुर करतात, तिला मुद्दाम पिडतात. तिच्या वाट्याला येतं ते कामाचं बोलणं आणि वैतागलेला चेहरा. सरकारी कचेरीत 'फॉर्म अपुरा आहे' म्हणून कागद परत देणारी बाई असते ना, साधारण तशी.

आणि मग दारावरचा प्रसंग येतो. डॅलस, त्याची सहकारी लॅम्बर्ट आणि केन एका अनोळखी ग्रहावर उतरलेले आहेत. केनच्या तोंडाला काहीतरी जिवंत चिकटलंय, तो बेशुद्ध आहे. दोघं त्याला उचलून यानाच्या दाराशी आणतात आणि आत घे म्हणतात. डॅलस बाहेर असल्यामुळे आत अधिकार रिप्लीकडे आहे. ती म्हणते, चोवीस तास विलगीकरण; नियम आहे. डॅलस हुकूम देतो, तरी ती ढळत नाही. शेवटी शास्त्रज्ञ अ‍ॅश परस्पर बटण दाबतो आणि दार उघडतं.

हा प्रसंग पहिल्यांदा बघणारा रिप्लीच्या बाजूने नसतो. माणूस मरतोय आणि ही नियम काय सांगते! लॅम्बर्टलाही तेच वाटतं. पुढे ती रिप्लीच्या तोंडात भडकावते, तो भाग मूळ चित्रपटातून गाळला होता. रिप्ली बरोबर होती हे कळायला केनची छाती फोडून आतला प्राणी बाहेर यावा लागतो. जेवणाच्या टेबलावरचा तो प्रसंग चित्रित करताना रक्त किती आणि कसं उडणार आहे, हे नटांना नीट सांगितलं नव्हतं. लॅम्बर्ट झालेल्या व्हेरॉनिका कार्टराइटच्या अंगावर ते उडतं तेव्हाची तिची दचक खरी आहे. याच कार्टराइटला आपण रिप्ली करणार आहोत असं वाटत होतं. आपल्या वाट्याला लॅम्बर्ट आलीय हे तिला नंतर कळलं.

२०२० नंतर हा दारावरचा प्रसंग वेगळाच दिसायला लागलाय. 'क्वारंटाइन' म्हणजे काय हे आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही, आणि आज पहिल्यांदा 'एलियन' बघणारा मुलगा रिप्लीच्या बाजूने पहिल्यापासून असू शकतो. चित्रपट तसूभर बदललेला नाही. बघणारे मात्र बदलले.

केन गेला, ब्रेट गेला. तरी प्रेक्षक निवांत आहे, कारण कप्तान आहे. मग डॅलस ज्वाळा फेकणारी बंदूक घेऊन हवेच्या अरुंद बोगद्यात शिरतो. लॅम्बर्टसमोरच्या पडद्यावर दोन ठिपके एकमेकांकडे सरकताहेत. ती ओरडतेय, पण कुठल्या बाजूला पळायचं हे त्याला समजत नाही. डॅलस संपतो. इथे चित्रपट निम्म्याच्या बराच पुढे गेलेला असतो आणि प्रेक्षकांनी ज्यावर भरवसा टाकला होता ते नाव यादीतून गेलेलं असतं. उरलेल्यांत हुद्द्याने सगळ्यात वर कोण? तीच, फॉर्म परत देणारी बाई. तिचं म्हणणं ऐकलं असतं तर हे झालंच नसतं, हे तोवर प्रत्येकाला कळून चुकलेलं असतं.

म्हणजे तिची नेमणूक प्रेक्षकांनीच केली. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी फक्त बाकीचे उमेदवार एकेक करून बाद केले.

प्रेक्षक अंधारात असं कसं वागतो, याचा छडा लावणाऱ्या विदुषीची गोष्टही अफलातून आहे. कॅरल क्लोव्हर या बर्कलीच्या प्राध्यापिका, विषय मध्ययुगीन स्कॅंडिनेव्हियन साहित्य. आइसलंडच्या जुन्या गाथा शिकवणाऱ्या या बाई सुरी खुपसणाऱ्या खुन्यांचे स्वस्त भयपट बघायला लागल्या. या चित्रपटांचा प्रेक्षक बहुतांशी तरुण मुलगे. मग समीक्षकांचा अंदाज असा, की ही पोरं खुन्याच्या नजरेतून मजा घेत असणार. क्लोव्हर यांनी १९८७च्या निबंधात आणि १९९२च्या पुस्तकात दाखवलं, की हे अर्धंच खरं आहे. सुरुवातीला कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांतून बघतो. शेवटी तो हटकून त्या एका मुलीच्या बाजूला जातो, जी लपते, धडपडते, हाताला लागेल ते हत्यार उचलते आणि वाचते. १९७८च्या 'हॅलोविन'मधली लॉरी हे त्याचं ठळक उदाहरण. तिच्यासाठी थिएटरातली पोरं आरोळ्या ठोकत होती. या पात्राला क्लोव्हर यांनी 'फायनल गर्ल' म्हटलं आणि ते नाव सगळीकडे रुळलं. आपण मुलीच्या जागी उभे आहोत, हे त्या मुलांच्या लक्षातही आलं नसेल. जीव मुठीत धरून पळणाऱ्याच्या जागी माणूस उभा राहतो. ती बाई आहे की बुवा हे तो नंतर बघतो.

'एलियन'मध्ये सगळंच नीट जमलंय असंही नाही. शेवटी यानातून निसटल्यावर रिप्ली अंतर्वस्त्रांवर वावरते, त्यावर तेव्हाही टीका झाली आणि ती वाजवी होती. दीड तास चढवलेला अंगरखा त्या दोन मिनिटांसाठी का उतरवला, याला कथेत सबळ कारण नाही. स्कॉट यांच्या मनात तर आणखी भयंकर शेवट होता. त्या प्राण्याने रिप्लीचं मुंडकं उडवावं आणि मग कप्तानाच्या आवाजात नोंद करावी, असं त्यांना सुचलं होतं. स्टुडिओने ते धुडकावलं. पैसेवाल्यांनी दिग्दर्शकाला अडवलं आणि बरं झालं, असे प्रसंग सिनेमाच्या इतिहासात फार नाहीत. हा त्यातला एक.

सात वर्षांनी जेम्स कॅमेरॉनने 'एलियन्स' केला तेव्हा परिस्थिती उलटी होती. आता रिप्ली कोण हे सगळ्यांना माहीत होतं. मग लपवायचं काय? कॅमेरॉनने तिची ताकद लपवली. सत्तावन्न वर्षं झोपेत काढून ती परत येते, कुणी तिच्यावर विश्वास ठेवत नाही, परवाना काढून घेतात, गोदीत माल चढवण्याच्या कामाला लावतात. पुढे सैनिकांच्या जहाजावर सगळे कामात असताना ती अवघडून विचारते, मी काही करू का? मला तो लोडर चालवता येतो. लोडर म्हणजे माणसाने आत उभं राहून चालवायचं, पोलादी हातापायांचं अवजड यंत्र. सार्जंट मिश्कीलपणे बघतो. रिप्ली लोडरमध्ये चढते, भलीमोठी पेटी अलगद उचलते आणि विचारते, कुठे ठेवू? सैनिक खदखदून हसतात. गोष्ट तिथे संपली असं वाटतं.

दीडेक तासाने, रिप्लीने जीव लावलेली लहानगी न्यूट राणी-एलियनच्या तावडीत सापडणार एवढ्यात जाड दरवाजा वर जातो आणि मागे रिप्ली त्याच लोडरमध्ये उभी असते. थिएटरं इथे डोक्यावर घेतली गेली. ते यंत्र मुळात चालणारं नव्हतंच. वीव्हरच्या मागे एक धिप्पाड माणूस लपवला होता, तोच ते हातपाय हलवत होता. प्रेक्षकाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी तिला पेटी उचलताना बघितलं होतं. या भूमिकेसाठी वीव्हरला ऑस्करचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं; असल्या मारधाडीच्या विज्ञानपटाला हा मान सहसा मिळत नाही.

१९९२च्या तिसऱ्या भागाने मात्र चाहत्यांचा खरोखरच घात केला. डेव्हिड फिंचरच्या या चित्रपटात नामावली संपता संपता कळतं, की न्यूट आणि दुसऱ्या भागातला सैनिक हिक्स मेले. ज्या पोरीसाठी रिप्ली जिवावर उदार झाली होती, ती दोन भागांच्या मधल्या झोपेतच गेली. लोक भडकले, आणि अजूनही काहींचा राग गेलेला नाही. हा राग बाई हिरो आहे म्हणून नव्हता, आमच्या रिप्लीला असं का वागवलं म्हणून होता. प्रेक्षकांच्या रागाचे असे दोन प्रकार असतात आणि ते एका पिशवीत टाकता कामा नयेत: एक चित्रपट बघून आलेला, दुसरा न बघताच आलेला.

दुसऱ्या प्रकाराला आंतरजालाने पंख दिले. २०१६ मध्ये 'घोस्टबस्टर्स' चार बायकांना घेऊन नव्याने केला, तर नुसत्या ट्रेलरवर नापसंतीचा इतका मारा झाला, की तो यूट्यूबवरचा तोवरचा सर्वांत नावडता ट्रेलर ठरला. त्यातली लेस्ली जोन्स ट्विटरवरच्या घाणेरड्या हल्ल्यांना कंटाळून काही काळ तिथून निघून गेली. २०१९ मध्ये 'कॅप्टन मार्व्हल'च्या वेळी तर कमाल झाली. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर चित्रपट बघायची उत्सुकता आहे की नाही, हे आधीच नोंदवता यायचं. प्रदर्शनाला आठवडा-दोन आठवडे असतानाच तिथे नकारांची आणि शेऱ्यांची झोड उठली. शेवटी त्यांनी प्रदर्शनापूर्वी शेरे लिहायची सोयच काढून टाकली. चित्रपट ८ मार्चला लागला आणि जगभरात शंभर कोटी डॉलर्सच्या वर कमावून गेला.

'स्टार वॉर्स'ची रे हे याहून गुंतागुंतीचं प्रकरण. २०१५च्या 'द फोर्स अवेकन्स'मध्ये ती मध्यवर्ती पात्र होती, अमेरिकेतल्या कमाईचा विक्रम त्या चित्रपटाने मोडला, आणि त्याच चित्रपटाच्या मोनोपॉली खेळात ल्यूक, व्हेडर, फिन आणि कायलो रेन या पुरुष पात्रांच्या सोंगट्या होत्या, रेची नव्हती. मुलींनी आणि त्यांच्या आईबापांनी जाब विचारला. कंपनीने सांगितलं, कथानक फुटू नये म्हणून तिला वगळलं. नंतर सोंगटी आली.

रेवर घेतलेला मुख्य आक्षेप असा, की तिला सगळं आयतं येतं. शिकवणी नाही, सराव नाही, एकदम तलवारबाजी. अशा पात्राला चाहत्यांच्या जगात 'मेरी सू' म्हणतात. हे पात्र एका बाईनेच थट्टेसाठी घडवलेलं: 'स्टार ट्रेक'ची चाहती पॉला स्मिथ हिने १९७३ मध्ये, सर्वगुणसंपन्न नायिकांच्या हौशी कथांना वैतागून. आक्षेपात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही; रिप्लीच्या लोडरसारखा एखादा साधा प्रसंग रेला मिळाला असता तर बरं झालं असतं. पण १९७७ मध्ये शेतावरून आलेला ल्यूक पहिल्याच लढाईत डेथ स्टार हा शत्रूचा अवकाशतळ उडवतो, तेव्हा त्याचं प्रशिक्षण किती झालं होतं? गावाकडे उंदरांवर नेम धरायचो, एवढं एक वाक्य तो बोलतो आणि जगाचं समाधान होतं. उलट १९९९ मध्ये त्याच मालिकेतला छोटा अनाकिन अपघातानेच शत्रूचं जहाज उडवतो, तेव्हा तो मुलगा असूनही लोकांनी त्याला फाडून खाल्लं. तेव्हा 'आयतं मिळालं' या तक्रारीमागे कधी खरंच फसलेली पटकथा असते आणि कधी नुसता आकस. कुठे काय आहे हे चित्रपट बघूनच ठरवावं लागतं.

बाई हिरो असली की चित्रपट चालतोच, असाही दावा नको. २०२३चा 'द मार्व्हल्स' आपटला. नटांचा संप जेमतेम प्रदर्शनाच्या तोंडावर मिटल्यामुळे जाहिरात झाली नव्हती, आणि लोकांना मार्व्हलचाच कंटाळा आला होता. २०२४चा 'फ्युरिओसा' तर मला आवडला, तरी थिएटरं रिकामी राहिली. पुरुषांचे चित्रपटही पडतात. फक्त तेव्हा 'लोकांना पुरुष हिरो नको झालाय' असा निष्कर्ष कुणी काढत नाही.

हे सगळं अमेरिकेचं झालं. पण अंधारातल्या प्रेक्षकाची आणि दाराबाहेरच्या शंकेखोरांची ही ओढाताण रिप्लीच्या चव्वेचाळीस वर्षं आधी आपल्या मुंबईत होऊन गेलीय.

मेरी अ‍ॅन इव्हान्स, जन्म १९०८, पर्थ, ऑस्ट्रेलिया. वडील स्कॉटिश सैनिक, आई ग्रीक. पाच वर्षांची असताना मुंबईला आली, वडील पहिल्या महायुद्धात गेले. दुकानात विक्रेती, नृत्यपथक, सर्कस असं करत ती परळच्या वाडिया मूव्हीटोनच्या दारात पोचली. हीच ती जागा, जिथे पुढे व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर उभारलं. जेबीएच आणि होमी हे वाडिया बंधू. जेबीएचनी तिला नाव सुचवलं नंदादेवी, आणि लांब वेण्यांचा टोप. तिने दोन्ही नाकारलं. सोनेरी केस तसेच राहिले, आणि नाव राहिलं नादिया.

छोट्या भूमिकांतून लोकांना ती आवडतेय हे बघून होमींनी १९३५ मध्ये 'हंटरवाली' केला. राजकन्या माधुरी तोंडावर मुखवटा चढवते, हातात चाबूक घेते आणि जुलमी वजिराची दाणादाण उडवते. चित्रपट तयार झाला आणि घ्यायला वितरकच पुढे येईना. सोनेरी केसांची गोरी बाई, चड्डी आणि बूट घालून पुरुषांना चोपतेय, हे इथल्या लोकांना चालणार नाही, ही त्यांची खात्री. अखेर वाडियांनी भागीदार बिलिमोरियांना बरोबर घेऊन तो स्वतःच लावला. ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात तो लागला आणि पंचवीस आठवड्यांवर चालला. बाजारात हंटरवालीचे पट्टे, चाबूक, काड्यापेट्या विकायला आल्या. निर्मात्यांनी न मागता झालेली ही जाहिरात, आणि मोनोपॉलीवाल्यांच्या ऐंशी वर्षं आधी.

शिकलेल्या मंडळींनी स्टंटपटांकडे नाकं मुरडली, पण स्वस्त तिकिटाच्या रांगा हटल्या नाहीत. नादियाचं हिंदी यथातथाच, म्हणून संवाद कमी आणि हाणामारी जास्त. 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती धावत्या आगगाडीच्या टपावर गुंडांशी लढते, आणि तो स्टंट तिचा स्वतःचा आहे. पुढच्या चित्रपटांत तिच्या दिमतीला 'पंजाब का बेटा' नावाचा घोडा, गनबोट नावाचा कुत्रा आणि 'रोल्स रॉइस की बेटी' नावाची मोटार होती. १९४३ मध्ये 'हंटरवाली की बेटी' आला. हिंदी सिनेमातल्या पहिल्यावहिल्या पुढच्या भागांत त्याची गणना होते. म्हणजे आपल्याकडची मालिकाबाजी सुरू झाली तीच एका बाईच्या नावाने.

आणि अलीकडे, २८ ऑगस्ट २०२५ रोजी, मल्याळममध्ये 'लोका: चॅप्टर वन – चंद्रा' आला. केरळच्या दंतकथेतली यक्षी आजच्या बंगळुरूत आणलीय, मुख्य भूमिकेत कल्याणी प्रियदर्शन. तीनशे कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मल्याळम चित्रपट ठरला, आणि त्याचे पुढचे भाग जाहीर झाले आहेत.

'एलियन'चा शेवट तर मी इथे सांगून मोकळा झालो, त्यामुळे तुमच्या बाबतीत तो प्रयोग आता होणार नाही. पण घरात अठरा पूर्ण झालेलं, हा चित्रपट न पाहिलेलं कुणी असेल तर त्याला काहीही न सांगता, ट्रेलर न दाखवता, समोर बसवा. साधारण वीस मिनिटांनी थांबवून विचारा, यातलं शेवटी कोण वाचेल. उत्तर काय येतं ते मला जरूर कळवा.